दहा दिवसांची शाळा

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. गच्चीवर कुरडया घालत बसले होते. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक पहाटे उठून शिजवलेला, जुनं पातळ अंथरलेलं, हातात सोऱ्या, आणि ऊन चढायच्या आत सगळा चीक संपवायची घाई. नेमका तेव्हाच फोन वाजला. चिकाच्या हाताने फोन धरायचा नाही, असं मी मुलांना शंभरदा बजावते. पण स्वतः धरला. पलीकडे आमच्या पाळकबाई होत्या.

“बाई, यंदाची सुट्टीतली शाळा तुम्हीच बघायची हं. तुम्हाला काय, सुट्टीच असते!”

सुट्टीच असते! मैत्रिणींनो, तुमच्यापैकी जी कुणी शाळेत शिकवत असेल तिने हे वाक्य सासरी, माहेरी, शेजारी, सगळीकडे ऐकलं असेल. माझ्या बाबतीत तर ते निम्मंच खरं आहे. मी शाळेत तासांवर शिकवते. जितके तास, तितके पैसे. मे महिन्यात तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत. म्हणजे सुट्टी आहे खरी, पण ती माझी नाही, माझ्या पगाराची आहे. आणि घरात तर उलट काम वाढतं. पापड, कुरडया, वर्षाचं तिखट, गहू-ज्वारी उन्हात घालून भरून ठेवणं, शिवाय दिवसभर घरात असलेली मुलं आणि त्यांची दर तासाला लागणारी भूक.

आता थोडं आमच्याविषयी सांगायला हवं. आम्ही नगरचे ख्रिस्ती. (शहराचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण जिभेवरून नगर जात नाही.) आम्ही चर्चला ‘देऊळ’ म्हणतो आणि देवळात जमणाऱ्या सगळ्या लोकांना मिळून ‘मंडळी’. शेजारच्या काकांनी एकदा ह्यांना विचारलं, “रविवारी सकाळी कुठे निघालात?” हे म्हणाले, “मंडळींच्या उपासनेला.” काका गालातल्या गालात हसले. त्यांच्या भाषेत मंडळी म्हणजे बायको! त्यानंतर कित्येक दिवस ते माझ्याकडे जरा निराळ्याच आदराने बघत होते.

आमच्या मंडळीचा उन्हाळा ईस्टरनंतर खरा सुरू होतो. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपवासकाळ, त्यात लग्नं लावत नाहीत. त्यामुळे ईस्टर झाला की सगळी अडलेली लग्नं एकदम सुटतात. तीन रविवार देवळात त्यांची जाहिरात वाचायची, आणि मग एकेका आठवड्यात दोन-दोन, तीन-तीन. रविवारची उपासना उन्हामुळे तासभर आधी होते. तरी शेवटच्या गीतापर्यंत दगडी भिंतींच्या आतसुद्धा गदगदायला लागतं, आणि पुढच्या बाकांवरच्या आज्या उपासना संगीताच्या पुस्तकाने वारा घेत गातात. घरोघरी संध्याकाळच्या प्रार्थना असतात, त्या मात्र अंगणात, ऊन उतरल्यावर. आणि या सगळ्याच्या मध्ये मेच्या सुरुवातीला मुलांची दहा दिवसांची शाळा.

या शाळेत काय असतं? बायबलमधल्या गोष्टी, गाणी, पाठांतर, हस्तकला, खेळ आणि खाऊ. सकाळी आठ ते अकरा. कल्पना आमची नाही, अमेरिकेतली आहे. न्यूयॉर्कमध्ये १८९८ साली एलायझा हॉज नावाच्या बाईंनी गरीब वस्तीतल्या, उन्हाळाभर रस्त्यावर हुंदडणाऱ्या मुलांसाठी अशी शाळा भरवली होती. जागा मिळेना म्हणून त्यांनी चक्क बिअर पिण्याचं ठिकाण भाड्याने घेतलं होतं म्हणे! ही ‘रस्त्यावरची मुलं’ जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

तर फोन हातात धरून मी गप्प. हो म्हणावं तर मागच्या वर्षीचा आंबा आठवत होता.

माझं माहेर नेवासे तालुक्यात. बाबा गेल्यापासून आई एकटी असते. घराच्या मागे आंब्याची दोन गावरान झाडं आहेत. मी शाळा सुटली की दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन एस. टी. ने जायची, हे लग्नानंतर कधी चुकलं नव्हतं. मागच्या वर्षी या दहा दिवसांच्या शाळेत खाऊचं काम माझ्याकडे आलं. दहा दिवस तिथे गेले, मग नणंदेच्या घरचं लग्न, मग हे-ते. माहेरी पोचले ती मे संपता संपता, आणि राहिले चार दिवस. आईने माझ्या नेहमीच्या तारखेच्या हिशेबाने गवतात अढी घातलेली होती. निम्म्याहून अधिक आंबा काळा पडून गेला होता. मी गेले तेव्हा ती तो टोपलीत भरून गुरांकडे न्यायला निघाली होती. मला बघून म्हणाली, “काही नाही गं, गावरान टिकत नाही.” एवढंच. तिने रागावून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून या वेळी मी पाळकबाईंना म्हटलं, “बघते मी शाळा. पण एक तारखेला सुरू करून दहाला संपवायची, पुढे ढकलायची नाही. खाऊ आणि भांडी बायकांनी करायची नाहीत. आणि माझी आई येईल, ती मुलांना भजनं शिकवील.” कुठून बळ आलं कोण जाणे. बहुधा हाताला चीक लागलेला असल्यामुळे फोन लवकर ठेवायचा होता.

पाळकबाई चांगल्या. म्हणाल्या, “मला पटतंय. पण पंचमंडळापुढे तुम्हीच बोला.”

पंचमंडळ म्हणजे मंडळीचा कारभार बघणारी समिती. तिच्यात बायका आहेत, पण बोलणारे बहुतेक पुरुष. माझे हेही त्यात आहेत. मी उभी राहून सांगितलं की दरवर्षी सहा बायका पहाटे घरचं आवरून येतात, उसळ शिजवतात, वाटतात, भांडी घासतात आणि बारा वाजता घरी जाऊन पुन्हा चुलीपुढे उभ्या राहतात. त्यातल्या चौघी माहेरी जाऊ शकत नाहीत. एक वडीलधारे म्हणाले, “अहो, पण भगिनींनी आजवर किती प्रेमाने केलं आहे!” मी म्हटलं, “प्रेमाने केलं म्हणूनच आता तरुण संघालाही ते प्रेम मिळू द्या.” सगळे हसले आणि ठराव झाला. हे मात्र एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर मी दोन दिवस अबोला धरला. मग त्यांचं म्हणणं, “नवऱ्याने बायकोची बाजू घेतली की लोक काय म्हणतात तुला माहीत आहे.” मला माहीत आहे. पण बाजू न घेणाऱ्याला घरात काय म्हणतात, हे त्यांना माहीत नव्हतं. ते सांगितलं.

आई आली. “लेकीच्या घरी आई येऊन राहते का कुठे,” असं तिचंच म्हणणं होतं. पण सासूबाईंनी खिडकीजवळची स्वतःची खाट दिली आणि तो विषय मिटला. त्यानंतर दोघींची कुरडईच्या चिकात मीठ किती घालायचं यावर जी जुंपली, ती आई परत जाईपर्यंत चालू होती.

शाळेत साठ मुलं आली. त्यातली निम्मी आमच्या मंडळीतली, बाकीची आजूबाजूची, सगळ्या जातीधर्मांची. हस्तकलेला महाग सामान आणायचं नाही असं ठरवलं होतं. लोकांच्या घरच्या जुन्या लग्नपत्रिका मागवल्या. त्या जाड, चकचकीत कागदाची इतकी सुंदर फुलं, कंदील आणि पुस्तकातल्या खुणा झाल्या की काय सांगू! तुमच्याकडेही पत्रिकांचा ढीग असेलच. टाकू नका.

खाऊचं मोजमाप खास तुमच्यासाठी लिहून ठेवलं आहे, हळदीकुंकवाला किंवा वाढदिवसालाही उपयोगी पडेल. साठ मुलांना मटकीच्या उसळीसाठी अडीच किलो कोरडी मटकी पुरते. आदल्या सकाळी भिजवायची, रात्री फडक्यात बांधायची. लिंबाच्या सरबताला दहा लिटर पाणी, किलोभर साखर, रसाची पंचवीस लिंबं आणि दोन चमचे मीठ. उन्हाळ्यात लिंबं परवडत नाहीत तेव्हा कैरीचं पन्हं करावं. दोन किलो कैऱ्या उकडून गर काढायचा, दोन किलो गूळ, मीठ, वेलची, आणि तेवढंच पाणी. तरुण संघाच्या मुलांनी पहिल्या दिवशी गुळाचे खडे न फोडता तसेच टाकले आणि तासभर ढवळत बसले. पण बसले! भांडी घासताना मात्र चौघांपैकी दोघांना अचानक महत्त्वाचे फोन यायचे. तिसऱ्या दिवशी मी फोन गोळा करून पेटीवाल्या काकांच्या ताब्यात दिले.

चौथ्या दिवशी ते झालं. ऊन फार होतं. मुलं ‘थंड हवं, थंड हवं’ म्हणत होती. पोरांनी मला न विचारता बाजारातून बर्फाची लादी आणून सरबतात फोडून घातली. मी दुसऱ्या वर्गात गोष्ट सांगत होते. बाहेर आले तर पेले रिकामे. त्या संध्याकाळी पाच मुलांना जुलाब-उलट्या. चौघं सकाळपर्यंत सावरली. एक सात वर्षांचा मुलगा मात्र रात्रीपर्यंत पडून होता.

बर्फाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. लादीचा बर्फ बहुतेक मासे आणि माल थंड ठेवण्यासाठी केलेला असतो, पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. २०१८ साली आपल्या राज्यात असा नियम झाला की न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा. आम्ही आणला तो पांढराशुभ्र होता. तेव्हा नुसत्या रंगावर विसंबू नका. पाणी उकळून माठात ठेवा, तेवढं गार पुरतं. आणि जुलाब-उलट्या सुरू झाल्याच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यायचं. मीठ अंदाजाने टाकायचं नाही. मूल मलूल पडलं, पाणी पोटात ठरेना, लघवी कमी झाली तर घरगुती उपाय करत न बसता थेट डॉक्टरकडे.

त्या रात्री पाळकबाई आणि मी त्या मुलाच्या घरी गेलो. पत्र्याची एक खोली, दिवसभर तापलेली. डॉक्टरांनी औषध दिलं होतं, मुलगा पाणी पीत होता. माझ्या पोटात खड्डा पडला होता. आता ही बाई मला काय काय बोलणार, म्हणून मी तयारीनेच गेले होते. ती आमच्याच मंडळीतली. रविवारी अगदी मागच्या बाकावर बसते, प्रार्थना संपली की निघून जाते. महिला मंडळात कधी येत नाही म्हणून आमच्यात तिच्याबद्दल बोललंही जातं, आणि त्या बोलण्यात मीसुद्धा होते. तीन घरची धुणीभांडी करते. लग्नसराईत मंगल कार्यालयात पोळ्या लाटायला जाते. आमचं महिला मंडळ गुरुवारी दुपारी तीनला भरतं. त्या वेळी तिचं तिसरं घर असतं.

मी माफी मागितली. ती म्हणाली, “बाई, उलटी काय, घरीपण होते. त्याला येऊ द्या म्हंजे झालं.” मग थोडं थांबून, “पण तुमची साळा अकराला सुटती. मी येते दीडला. मधी हा रस्त्यावरच. मागल्या साली पोरांसंगं विहिरीवर गेला पवायला. पवता येत नाही त्याला. मला चार दिसांनी कळलं.”

परत येताना आम्ही दोघी काही बोललो नाही. मी हजेरीच्या वहीत रोज साठ आकडा लिहीत होते आणि मनातून खूश होते. अकरा वाजता दार बंद केल्यावर ती साठ मुलं कुठे जातात, हे मला सुचलंच नव्हतं. माझी दोन घरी जातात, तिथे आजी आहे, कुलर आहे, एवढंच मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी गोष्ट सांगायच्या आधी मुलांना विचारलं, “अकरा वाजता घरी कोणी नसतं अशी किती मुलं आहेत?” चौदा हात वर झाले. त्यात मंडळीतले सहा, बाकी बाहेरचे.

अकरा वाजता मी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. लगेच प्रश्न सुरू झाले. किल्ली कोणाकडे राहणार? पंख्याचं बिल? उद्या कुणी पडलं, लागलं, तर जबाबदारी कोणाची? प्रश्न काही खोटे नव्हते, आदल्या दिवशीचा बर्फ सगळ्यांच्या समोर होता. आई व्हरांड्यात झांजा पुसत बसली होती. तिने मान वर न करता म्हटलं, “माझी. मी बसते दीडपर्यंत.” मग पेटीवाले काका म्हणाले, “मीही थांबतो. घरी जाऊन तरी काय करणार, वीज नसतेच.” आणि ज्यांना भांडी घासताना फोन यायचे त्यातला एक जण थांबतो म्हणाला. त्याचा चेहरा आदल्या रात्रीपासून उतरलेला होता, बर्फ त्यानेच आणला होता.

पुढचे सहा दिवस आमच्या देवळाच्या व्हरांड्यात दुसरीच शाळा भरली. मुलं घरून भाकरी आणायची, उरलेली उसळ असायची. आईने सागरगोटे आणि चिंचोके काढले. ज्या मुलांना मोबाईलशिवाय करमत नाही म्हणतात, ती तासन् तास सागरगोटे झेलत होती, मुलगेसुद्धा! मग आई गोष्ट सांगायची, पण बायबलातली नाही, १९७२ च्या दुष्काळाची. ती तेव्हा दहा-बारा वर्षांची होती. आपल्या आईबरोबर खडी फोडायला जायची. सुकडीसाठी रांग कशी लागायची, मिलोची लाल भाकरी घशाखाली कशी उतरायची नाही, हे ती अशी सांगायची की पोरं हातातली भाकरी तशीच धरून ऐकत बसायची. मला यातलं निम्मं तिने कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. चार दिवसांच्या माहेरपणात कोण विचारतं?

नऊ मेला रेव्हरंड टिळकांची पुण्यतिथी. नारायण वामन टिळक १९१९ साली त्या दिवशी गेले. फुलामुलांचे कवी म्हणून तुम्ही त्यांना शाळेत वाचलं असेल आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ तर तुमच्यापैकी कितीतरी जणींची आवडती असतील. आम्हा नगरकरांना हे दोघं घरातल्यासारखे. त्यांची भजनं आमच्याकडे पेटी, तबला आणि झांजांवर गातात, आणि आमच्या आजीच्या पिढीला पुस्तक लागायचं नाही. मला लागतं. माझ्या मुलांना तर पुस्तक असूनही चाल येत नव्हती. आईने दहा दिवसांत तीन भजनं बसवली. ताल चुकला की ती मुलांच्या पाठीवर बोटांनी ठेका धरायची.

दहा तारखेला समारोप झाला. आईबाप आले, मुलांनी गाणी म्हटली, पत्रिकांच्या फुलांचं तोरण लावलं होतं. तो उलटीवाला मुलगा पहिल्या रांगेत झांज घेऊन उभा होता. त्याची आई कार्यक्रम निम्मा झाल्यावर आली, कामाच्याच साडीत, आणि दारातच थांबली. मी हात केला तरी पुढे आली नाही. नंतर तिने आईशी बराच वेळ बोलणं केलं. काय ते आईने मला सांगितलं नाही.

बारा तारखेला मी, आई आणि मुलं एस. टी. त बसलो. आईने निघायच्या आधी शेजारणीकडून अढी घालून घेतली होती. घरी पोचल्याबरोबर मुलांनी गवत उचकलं. निम्मा आंबा अजून कच्चा होता. या वेळी आम्ही लवकर आलो होतो! मी पुरे चौदा दिवस राहिले. दुष्काळाच्या गोष्टी वहीत उतरवायला घेतल्या आहेत. आई म्हणते, “ही कसली लिहायची गोष्ट?” आणि सांगत राहते.

परत आल्यावर मी पंचमंडळाला अर्ज लिहिला. पुढच्या वर्षीपासून शाळा दीड वाजेपर्यंत असावी, दुपारच्या जेवणाची सोय मंडळीने करावी, आणि महिला मंडळाची एक सभा महिन्यातून एकदा रविवारी उपासनेनंतर व्हावी, म्हणजे गुरुवारी कामावर असणाऱ्या बायकांना येता येईल. अर्जावर एकतीस सह्या झाल्या आहेत. पेटीवाल्या काकांची आहे, तरुण संघातल्या पाच जणांच्या आहेत. मागच्या बाकावरच्या त्या बाईची आहे, तिने अक्षर जोडून जोडून केलेली. दोघा वडीलधाऱ्यांनी ‘बघू’ म्हणून कागद परत दिला.

ह्यांच्यापुढे मी अर्ज ठेवलाच नव्हता. काल रात्री सह्या मोजत होते, तर बत्तिसावी दिसली.